बंबात रद्दीच्या विटा जाळतोय, पोरीच्या खोकल्याचा याच्याशी संबंध असंल का?

सातारा_करंजे

नमस्कार सगळ्यांना. जरा सविस्तर लिहितेय कारण अर्धवट सांगितलं तर कुणाला नीट सांगता येणार नाही. आम्ही साताऱ्यात करंजेत राहतो, जुनं घर आहे, मागं छोटी पडवी आणि पडवीतच न्हाणीघर. पाणी तापवायला आत्यांच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, लग्नातला तांब्याचा बंब आहे तो अजून रोज पेटतो. माझे सासरे, आम्ही मामा म्हणतो त्यांना, ते सगळं आयुष्य छापखान्यात कटिंग मशीनवर होते. आता रिटायर झालेत पण ओळखीनं तिथून आठवड्याला दोन-तीन पोती कातरण फुकट आणतात. मागच्या दिवाळीत धाकट्या दिरांनी ऑनलाइन एक लोखंडी साचा मागवून दिला, कागद टबात भिजवायचा, साच्यात दाबायचा, वीट काढून वाळवायची. मामांना हे इतकं आवडलंय की सकाळी नाष्टा झाला की तेच काम, गच्चीवर ओळीनं विटा वाळत असतात. जळण विकत आणायचं बंद झालं याचा त्यांना फार आनंद आहे आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटायचं त्यांना कामात बघून.

पण आता अडचण अशी आहे की माझी मुलगी चार वर्षांची, नोव्हेंबरपासून तिचा खोकला जाईना, रात्री छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. डॉक्टरांनी वाफारा दिला आणि घरात धूर असतो का विचारलं. मी सांगितलं बंब आहे, कागद जाळतो, ते म्हणाले बंद करा. घरी सांगितलं तर मामा म्हणाले अगं कागद म्हणजे लाकूडच की, लाकडापासूनच करतात, त्यात कसलं विष. मला यावर उत्तरच सुचलं नाही. शेजारच्या काकूंनी पण दोनदा सांगितलंय की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे पापुद्रे येऊन पडतात. आणि कातरणात लग्नपत्रिकांचे तुकडे खूप असतात, सोनेरी छपाईचे, चकचकीत. त्याच्या विटा नीट होत नाहीत म्हणून मामा ते सुटे बंबात टाकतात, उरलं तर मागच्या अंगणात पेटवतात.

मला दोनच गोष्टी विचारायच्यात. कागदाचा धूर लाकडाच्या धुरापेक्षा खरंच वेगळा असतो का? आणि मामांना वाईट न वाटता हे कसं सांगायचं?

वाईकर जुना

ताई, घाबरू नका इतकं. आमच्या घरात माझी आजी, आई, सगळ्यांनी चुलीवर आणि बंबावरच दिवस काढले. पेपर, वह्या, पुठ्ठा, जे हाताला येईल ते पेटवायला घालायचे. आजी ८८ वर्षं जगली. पोरांना थंडीत खोकला होतोच, वाईत तर आमच्याकडं नदीकाठी सकाळचं धुकं असतंय, त्यानं पण होतो. डॉक्टरांचं ऐका पण म्हाताऱ्या माणसाचा उद्योग एकदम बंद करू नका एवढंच म्हणणं आहे माझं.

सिस्टर, मिरज

वाईकर दादा, तुमच्या आजींबद्दल आदर ठेवून लिहितेय, राग मानू नका. ज्या आज्या ८८ वर्षं जगल्या त्या आपल्याला आठवतात, पण साठीतच दोन पावलं चालली की धाप लागते म्हणून उंबऱ्यात बसून राहणाऱ्या बायका मी वॉर्डात बावीस वर्षं बघतेय. विडीला कधी हात लावलेला नसतो आणि फुप्फुसं मात्र रोज विड्या ओढणाऱ्यासारखी झालेली असतात. विचारलं की एकच उत्तर, सगळा जन्म चुलीपुढं गेला. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की घरातल्या धुरानं २०२० या एका वर्षात जगात ३२ लाख माणसं गेली, आणि त्यात पाच वर्षांखालची पोरं दोन लाखांहून जास्त होती.

ताई, तुमच्या मुलीच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो म्हणजे श्वासनळ्या आकसतायत. त्याचं कारण धूरच आहे असं मी इथं बसून सांगणार नाही, पण असं असलेल्या मुलाला धुरात ठेवायचं नाही हे मात्र नक्की. धुरातले जे अगदी बारीक कण असतात, पीएम २.५ म्हणतात, ते केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याएवढे असतात, नाकात अडकत नाहीत, थेट खोल आत जातात. आपल्या देशाची मर्यादा २४ तासाला घनमीटरमागं ६० मायक्रोग्रॅम आहे आणि जागतिक संघटनेनं २०२१ मध्ये ती १५ सांगितलीय. बंद पडवीत धुरकट बंब पेटला की हे आकडे कुठल्या कुठं मागं पडतात. लहान मूल मोठ्या माणसापेक्षा भरभर श्वास घेतं, म्हणून वजनाच्या मानानं त्याच्या पोटात, म्हणजे छातीत, धूर जास्त जातो.

आणि तुम्ही जे लिहिलंय त्यात मला सगळ्यात जास्त काळजी वाटली ती बंब पडवीत आणि न्हाणीघर तिथंच याची. थंडीत दारं-खिडक्या लावून घेता का? कार्बन मोनॉक्साइडला ना वास ना रंग. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटीहून जास्त ओढीनं त्याला धरतं. डोकं जड होणं, मळमळणं, झोप आल्यासारखं वाटणं, बस एवढंच कळतं माणसाला. आमच्याच नात्यातलं एक जोडपं थंड हवेच्या ठिकाणी गेलं होतं, खोलीत शेगडी ठेवून झोपलं, सकाळी दार फोडावं लागलं. दोघं वाचले, पण त्या वहिनींना पुढं कितीतरी महिने नावं आठवायची नाहीत. अजून एक सांगते, हे खूप जणांना माहीत नसतं. कोविडमध्ये घेतलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर या गॅसमध्ये फसवतं, ९८ दाखवत राहतं आणि माणूस आतून गुदमरत असतो. त्यामुळं मशीन लावून बघितलं सगळं ठीक आहे असं कधी समजू नका. अंघोळीनंतर मुलीला सुस्ती येते का, तिचं किंवा आत्यांचं डोकं दुखतं का, ते आठवून सांगा.

इस्लामपूरचे सर

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. मामांचा प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तर दिलं पाहिजे, नुसतं बंद करा म्हणून भागत नाही. कागद लाकडापासून होतो हे अर्धं खरं आहे. लाकडाचा लगदा करतात, तो धुतात, ब्लीच करतात आणि मग त्यात चिकणमातीसारखी पांढरी माती, चुनखडीची पूड, खळ असं घालतात, म्हणजे कागद पांढरा, गुळगुळीत होतो आणि शाई फुटत नाही. चकचकीत मासिकाच्या कागदात तर वजनाचा पाव हिस्सा किंवा जास्तच ही माती असू शकते. ती जळत नाही, राख होऊन उरते. म्हणून कागद जाळला की राख एवढी पडते आणि बंबाची जाळी बुजते. जाळी बुजली की हवा कमी, हवा कमी की धूर जास्त.

त्यावर शाई. वर्तमानपत्राच्या शाईत खनिज तेल आणि काजळी असते, रंगीत शाईत रंगद्रव्यं, काहींमध्ये जड धातू. वर्तमानपत्रात भजी-वडे बांधून देऊ नका असं अन्नसुरक्षा प्राधिकरण सांगतं ते याच शाईमुळं.

पण साधा छापील कागद आणि लग्नपत्रिका यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पत्रिकेवर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवलेला असतो, सोनेरी अक्षरं म्हणजे प्लास्टिकच्या फिल्मवरून उठवलेला धातूचा बारीक थर. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, ज्यूसच्या खोक्यात कागद, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम तिन्ही. दुकानातल्या बिलाच्या गुळगुळीत पट्ट्या, ज्या नखानं ओरखडल्या की काळ्या होतात, त्यांवर बिस्फेनॉल जातीचं रसायन असतं. यातलं काहीच बंबात घालायचं नाही. प्लास्टिकमध्ये पीव्हीसी असलं तर त्यात क्लोरीन असतो, त्यातून आम्लाचा धूर निघतो आणि कमी आचेवर डायॉक्सिन तयार होतात, जे शरीरात चरबीत साठून वर्षानुवर्षं राहतात. कारखान्यातल्या भट्टीत साडेआठशे डिग्रीच्या वर तापवून, धूर गाळून हे जाळतात. आपल्या बंबात ना तेवढी आच ना गाळणी.

अंगणात पेटवतात ते तर आजच थांबवा. उघड्यावर कचरा जाळला तर राष्ट्रीय हरित लवादाच्या डिसेंबर २०१६ च्या आदेशाप्रमाणं ५००० रुपये दंड आहे. पण दंडापेक्षा त्या काकूंचे कपडे आणि छाती महत्त्वाची.

आता हिशोब, कारण मामा हिशोबी दिसतात. दोन बादल्या म्हणजे ४० लिटर पाणी २० डिग्रीवरून ४५ वर न्यायला १००० किलोकॅलरी लागतात. कोरडा कागद किलोला साधारण ३५०० देतो. बंबात त्यातली चौथाई पाण्याला लागते असं धरू, बाकीची नळीतून वर जाते. म्हणजे सव्वा किलोच्या आत-बाहेर कागद लागला. हेच काम विजेच्या हिटरनं केलं तर सव्वा युनिट. आता तुमच्याकडं पांढऱ्या कातरणाला रद्दीवाला काय देतो ते विचारा आणि बिलावर युनिटचा दर बघा.

कुपवाड रद्दी-पुठ्ठा

सर बरोबर बोलले, मी नेमकं हेच लिहायला आलतो. ताई मी वीस वर्षं रद्दीचाच धंदा करतोय. छापखान्याचं पांढरं कोरं कातरण म्हणजे आमच्यात एक नंबर माल, त्याला शाई लागलेली नसते, त्यामुळं मिलवाले वाट बघत असतात. वर्तमानपत्राच्या रद्दीपेक्षा त्याला भाव जास्त असतोय. ते तुम्ही भिजवून, वीट करून, वाळवून जाळताय, मला वाचूनच कसंतरी झालं. आज आमच्या इथं मी कातरणाला किलोला १५ देतोय, भाव खालवर होतोय पण पंधरा धरा. सव्वा किलो म्हणजे १८-१९ रुपयाचा माल झाला रोज दोन बादल्यांना. फुकट मिळतंय म्हणून फुकट वाटतंय एवढंच. कागदाचा धागा पाच-सहा वेळा तरी परत परत कागद होतोय, दरवेळी थोडा आखूड होत जातोय, जाळला की एका दिवसात संपला.

फक्त एक करा, पत्रिकेचं कातरण त्यात मिसळू नका. एका पोत्यात मूठभर जरी लॅमिनेशन निघालं तरी मिलवाला अख्खा माल मिक्समध्ये टाकतो आणि भाव निम्म्यावर. आणि भिजलेला माल आणू नका, पावसाळ्यात लोक पोत्यात पाणी घालून वजन वाढवत्यात त्यामुळं ओलं बघितलं की आम्ही हातच लावत नाही. मामांना म्हणावं वेगळं करून ठेवा, कोरडं ठेवा, आठवड्याला टेम्पो दारात येईल असा माणूस साताऱ्यातपण मिळतोय.

कराड, गुऱ्हाळ

आमचं गुऱ्हाळ हाय, जाळायचं कसं हे आमच्या बापजाद्यापासूनचं काम, म्हणून थोडं सांगतो. चिपाड, म्हंजी रस काढलेल्या उसाचा चोथा, जरा वलं असलं की चुलवाण धुरतंय, कायली चढत नाय, गुळव्या वरडतोय. वाळलेलं चिपाड मात्र कडाकडा जळतंय आन धुराडातनं धूर दिसत पण नाय. कागदाची वीट वरनं वाळलेली दिसती पण आत गाभा ओलाच असतोय. फोडून गालाला लावून बघा, गार लागली की ओली. ते पाणी वाफ होऊन जाईपर्यंत आग थंड असती आन तोवर नुसता धूर.

दुसरं, घट्ट दाबलेला कागद म्हंजी जाडजूड वहीसारखं झालं. वही कधी जाळून बघा, कडा काळ्या होत्यात आन मधली पानं तशीच पांढरी राहत्यात, कारण पानांत वारं शिरत नाय. मग ते धुमसत बसतंय, आन धुमसणं हेच वाईट, सिस्टर म्हणत्यात तो बिनवासाचा गॅस त्यातनंच निघतोय. सुटा कागद टाकला तर उलट भडका उठतोय आन जळते पापुद्रे वर उडत्यात. आमच्या शेजारच्या गावात असाच एक जळका तुकडा कडब्याच्या गंजीवर गेला, वर्षाची वैरण तासात गेली. तुमच्याकडं शहरात गंजी नसंल पण गच्चीवर विटा वाळत घातल्यात म्हणलात, तिथंच उडाला तर?

आमच्या धंद्यात पण काहींनी मधे टायर, चप्पल कारखान्याचं रबर असलं जाळलं, स्वस्तात मिळतंय म्हणून. गुळाला वास आला, कामगारांचे डोळे गेल्यागत लाल. मी एकदा घातलं होतं, आठच दिवस. ते आठ दिवस अजून मनातनं जात नाहीत कारण त्यात माझा धाकटा भाऊ चुलवाणावर होता.

वाईकर जुना

सगळ्यांचं वाचलं. ऑक्सिमीटरचं आणि कार्बन मोनॉक्साइडचं मला माहीत नव्हतं, आमचा बंब न्हाणीघरातच आहे, आज दुपारीच बाहेर ओसरीत काढून ठेवला. सर, एक विचारतो. आम्ही बंबाची राख भांडी घासायला वापरतो आणि घरच्या कडधान्याला पण लावून ठेवतो किडे होऊ नयेत म्हणून. त्यात पेपर जाळलेला असतो पेटवणाला. चालतं का?

इस्लामपूरचे सर

नाही चालत. कडधान्याची राख फक्त लाकडाची किंवा शेणीची ठेवा, आणि ती पण ज्या दिवशी दुसरं काही जाळलं नाही त्या दिवशीची बाजूला काढून. शाईतला धातू जळून नाहीसा होत नाही, राखेतच राहतो. झाडांना पण कागदाच्या राखेचा उपयोग नाही. लाकडाच्या राखेत पालाश असतं म्हणून ती परसात टाकतात, कागदाच्या राखेत मुख्यतः माती आणि चुना. पेटवायला कोरड्या वर्तमानपत्राचं एखादं पान घेतलं तर त्यात मोठं काही बिघडत नाही, मुद्दा रोज किलो-दीड किलो जाळण्याचा आहे.

साताऱ्याच्या लोकांनी अजून एक बघावं. डिसेंबरात सकाळी यवतेश्वरच्या घाटातून किंवा अजिंक्यताऱ्यावरून गावाकडं बघा, निळसर धुराची चादर छपरांवर पसरलेली दिसते. रात्री जमीन गार होते, तिच्याजवळची हवा गार आणि वरची त्या मानानं उबदार, त्यामुळं धूर वर जात नाही, डोंगराच्या कुशीत साठून राहतो. आणि आपण बंब नेमके त्याच वेळी पेटवतो. उन्हं चढली की ती चादर फाटते. म्हणून ज्यांना बंबाशिवाय पर्यायच नाही त्यांनी उन्हं आल्यावर पेटवला तरी फरक पडतो.

सातारा_करंजे

उशिरा लिहितेय, माफ करा. वीस दिवस झाले. सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, मी दोनदा रडले वाचताना.

सिस्टर, तुम्ही विचारलं होतं ना, तर हो, आत्यांचं रोज सकाळी डोकं दुखायचं. आम्ही ॲसिडिटी समजून गोळ्या देत होतो. पडवीला वाऱ्यासाठी जे एक झरोक्यासारखं होतं ते थंडीमुळं मीच पोतं लावून बंद केलेलं, हे आठवल्यावर माझ्या पोटात गोळा आला. त्याच दिवशी पोतं काढलं, पण आता बंबच बंद आहे. हिटर आणलाय. दीर म्हणतात पुढच्या वर्षी छपरावर सोलर बसवू, ऊन भरपूर आहे आपल्याकडं. आत्यांचं डोकं दुखणं थांबलंय. पोरीचा खोकला कमी आहे, शिट्टी या आठवड्यात एकदाच ऐकू आली. औषध पण चालू आहे आणि थंडी पण ओसरलीय त्यामुळं नक्की कशानं ते मी सांगू शकत नाही.

मामांना मी स्वतः काही बोललेच नाही. सरांचा हिशोब आणि कुपवाडच्या दादांचं उत्तर मोबाइलवर मोठ्या अक्षरात करून त्यांच्यापुढं ठेवलं. ते बराच वेळ वाचत होते. मग म्हणाले, चाळीस वर्षं मी हे कातरण कापलं आणि रोज संध्याकाळी मालक ते विकायचा, मला हे कळायला पाहिजे होतं. मग उठून एक पोतं उलटं केलं. मंडळी, त्यांचं काम बघण्यासारखं होतं. न बघता, नुसत्या अंगठ्यानं चोळून सांगतात हे लॅमिनेशन, हा आर्ट पेपर, हा मॅपलिथो, हे कोरं. दोन तासात तीन पोत्यांच्या चार राशी केल्या. पोरगी शेजारी बसून मामांनी दिलेले तुकडे ज्या त्या राशीत टाकत होती. आता छापखान्यातून आणलेलं कातरण तिथल्या माणसांना सांगूनच विकतात, आणि पहिले पैसे आले ते त्यांनी शेजारच्या काकूंच्या नातवाला खाऊ नेला. काकू काही बोलल्या नाहीत पण दुसऱ्या दिवशी वाटीभर पापडाच्या लाट्या आल्या घरी.

आता शेवटचं विचारते. गच्चीवर साठ-सत्तर विटा तयार पडून आहेत, रद्दीवाला भिजवलेला माल म्हणून घेत नाही. त्याचं काय करू?

कुपवाड रद्दी-पुठ्ठा

विटा मी पण घेणार नाही ताई, खोटं सांगत नाही. आत काय मिसळलंय कळत नाही.

इस्लामपूरचे सर

मामांनाच एकेक फोडून बघायला सांगा. ज्या नुसत्या पांढऱ्या कातरणाच्या आहेत त्या पाण्यात टाकून चुरा, आणि ओल्या कचऱ्याचं खत करता त्यात थराथरानं घाला. भाजीच्या देठांना पाणी सुटतं आणि वास येतो तो कागदानं कमी होतो, दोन-तीन महिन्यात मुरून जातो. एका वेळी फार नको, ओल्या कचऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमीच. ज्यात चकाकी, सोनेरी किंवा प्लास्टिकचा पापुद्रा दिसेल त्या सुक्या कचऱ्यात घंटागाडीला द्या.

सिस्टर, मिरज

आणि मुलीला परत एकदा डॉक्टरांकडं नेऊन आणा, शिट्टी थांबली तरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आंब्याला मोहोर येतो तेव्हा अशा काही मुलांना परत त्रास होऊ शकतो. आत्यांना पण सोबत न्या, पडवीतला बंब आणि पोत्याचं सगळं सांगा.